उन्हाळा काढला, पण पावसात वासाचं जिरेनियम बुडातून काळं पडतंय

मानेवाडा_गच्ची

नमस्कार. मानेवाडा रोड, नागपूर. तिसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची. वासाच्या जिरेनियमच्या तीन कुंड्या आहेत. एक गुलाबाच्या वासाचं, पानं खोल कातरलेली. दुसरं लिंबाच्या वासाचं, पानं लहान आणि कडा कुरळ्या. तिसरं नर्सरीवाल्यानं 'मच्छरवालं' म्हणून दिलेलं. तिन्ही १० इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत. काळी माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या भागानं.

मे महिन्यात ७५ टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली ठेवली होती, दोन्ही वेळा पाणी. खालची पानं गळली, पण शेंडे हिरवे राहिले आणि नवतपाही (मेअखेरचे सगळ्यांत कडक नऊ दिवस) निघून गेला. आता जुलैचा पहिला आठवडा, चार-पाच चांगले पाऊस झाले आणि लिंबवालं बुडापाशी काळं पडलंय. गुलाबवालं दिवसभर मान टाकून असतं, माती ओली असूनही. मच्छरवाल्याची पानं पिवळी पडून राहिली आहेत.

४५ अंशांत जगलेलं झाड २८-३० अंशांत का मरतंय? वाचवता येईल का, आणि कटिंग आत्ता घ्यावी की थांबावं? बी ऑनलाइन मिळतं असं दिसतं, ते मागवू का?

मूळ_आणि_माती

ताई, आधी तिन्ही कुंड्या छताखाली घ्या, मग बाकीचं वाचा. हिरवी जाळी ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. उलट जाळीतून थेंब गळत राहतात आणि पाऊस थांबल्यावरही अर्धा तास झाड भिजतं. छत नसेल तर जाळीच्या वर पारदर्शक पॉलिथीन उतरतं बांधा, चारही बाजू उघड्या ठेवा. हवा खेळली पाहिजे. कुंडीखालची ताटली काढा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालचं छिद्र स्लॅबला चिकटणार नाही.

आता लिंबवालं. बुडाची साल अंगठ्याच्या नखानं खरवडून पाहा. तपकिरी, कोरडं, कडक लागलं तर ते जून झालेलं लाकूड आहे. वयानं प्रत्येक जिरेनियमचं बुड तसं होतं, घाबरायचं कारण नाही. पण काळं, ओलसर, चकचकीत आणि दाबलं की आत जाणारं असेल, तर ती पिथियम बुरशीची खोडकूज. ती मातीच्या रेषेपासून वर चढते. चढलेली खोडकूज कोणत्याही औषधानं परत फिरत नाही. औषध फक्त शेजारच्या निरोगी कुंडीला वाचवतं. अशा झाडाचे वरचे शेंडे कापून घेणं एवढंच हाती उरतं.

गुलाबवाल्याची गोष्ट वेगळी आहे. माती कोरडी असून झाड मलूल असेल तर ती तहान. माती ओली असून मलूल असेल तर मुळं गेलेली आहेत, ती पाणी ओढू शकत नाहीत. नेमकी इथेच चूक होते: झाड सुकलेलं दिसतं म्हणून आणखी पाणी घातलं जातं. कुंडी आडवी करा, कडेनं हलक्या थापा मारा आणि मातीचा गोळा अख्खा बाहेर काढा. मुळं पांढरी-पिवळसर आणि टणक असतील तर चांगली. तपकिरी मूळ दोन बोटांत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत नुसता दोरा राहिला, तर ते कुजलं. निम्म्यापेक्षा जास्त चांगली असतील तर कुजलेली कापा, पाला एक-तृतीयांश कमी करा आणि आधीपेक्षा लहान, ८ इंची मातीच्या कुंडीत लावा. मोठी कुंडी देऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते, आणि कूज तिथूनच सुरू होते.

४५ अंशांत जगलं, मग आता का, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. माझ्या मते ही झाडं जुलैत नाही, मे महिन्यातच दुखावली. साधारण ३५ अंशांच्या वर जिरेनियमची वाढ जवळपास थांबते. वाढ थांबलेल्या झाडाला पाणीही कमी लागतं, आणि त्याच वेळी आपण दोनदा घालतो. काळ्या कुंडीत गरम आणि ओली माती, म्हणजे मुळं उकडल्यासारखीच. वर शेंडे हिरवे दिसत होते ते खोडातल्या साठ्यावर. पावसानं शेवटचा धक्का दिला, इतकंच.

मुळात लिंबाच्या वासाचं क्रिस्पम दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य केप भागातलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. ऊन आणि ओल त्याला एकत्र भेटतच नाहीत. आपल्याकडे वर्षाचा हजार मिलिमीटरच्या वरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात, जमीन तापलेली असताना. कोरडी गरमी ते सोसतं, थंडी आवडीनं घेतं. गरम ओल मात्र सोसत नाही.

माती पूर्ण बदला. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडून बारीक मुळं तोडते. ८ इंची कुंडीत साधारण साडेचार लिटर मिश्रण बसतं. त्यात २ लिटर जाड रेती, १ लिटर लाल किंवा मुरमाड माती, १ लिटर चांगलं कुजलेलं गांडूळखत किंवा पाल्याचं खत, अर्धा लिटर विटांचे तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे, आणि मूठभर निंबोळी पेंड. कन्हानची जाड रेती चालते, फक्त बादलीत तीन-चारदा धुवा, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. बारीक गाळ राहिला तर रेती घालूनही निचरा होत नाही, आणि बहुतेकांचं मिश्रण याच कारणानं फसतं. विटांची पूड नको, ती चाळून टाका. पारख सोपी आहे: भरलेल्या कुंडीवर अर्धा लिटर पाणी ओता. मिनिटभरात खालून धार लागली पाहिजे. वर तळं साचलं तर आणखी रेती घाला.

पाण्याचा वार ठरवू नका. बोटाचं एक पेर मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या, आणि दिलं की छिद्रातून बाहेर येईपर्यंत द्या. छताखाली जुलै-ऑगस्टमध्ये पाच-सात दिवसांतून एकदा पुरतं. संततधार असेल तर दहा दिवसही लागत नाही. पानांवर ओतू नका. गुलाबवाल्याच्या पानांवर लव असते, ती ओल धरून ठेवते आणि दमट दिवसांत करडी बुरशी येते.

फुटवा

कटिंगचं सांगतो. खरा हंगाम सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर आणि दुसरा फेब्रुवारी. जुलैत यश कमी. पण मूळ झाडच जाणार असेल तर थांबण्यात अर्थ नाही. आज घ्या, आणि दोन जगायला हवी असतील तर आठ लावा.

शेंड्याकडची, ४ ते ५ इंचांची, तीन-चार पेरांची फांदी निवडा. अगदी कोवळी लुसलुशीत नको, ती कुजते. तपकिरी लाकडी झालेलीही नको, तिला मुळं फार उशिरा फुटतात. वाकवली की लवचीकपणे वळून मग 'कट' आवाज करून मोडते, ती बरोबर. कळ्या असतील तर खुडा. पेराच्या अगदी खाली, २-३ मिलिमीटरवर, धारदार ब्लेडनं सरळ कापा. कात्रीनं खोड चेपतं आणि चेपलेल्या जागी कूज धरते. खालची पानं काढा, वर तीनच ठेवा. पानाच्या देठापाशी लहान खवल्यासारखी उपपर्णं असतात, तीही खुडा. मातीत गेली की पहिली तीच सडतात.

मग लगेच लावू नका. सावलीत, कागदावर, कोरड्या दिवसांत चार-पाच तास आणि आत्ताच्या दमट हवेत रात्रभर पडू द्या. कापाला कोरडी खपली धरली पाहिजे. पानं जरा मलूल होतील, होऊ द्या.

लावायला ३ इंची कुंडी किंवा खाली चार छिद्रं पाडलेला कागदी कप. धुतलेली जाड रेती दोन भाग, कोकोपीट एक भाग. वरच्या उत्तरात कोकोपीट पूर्ण वगळलंय, मोठ्या कुंडीसाठी ते मलाही पटतं, पण कटिंगला थोडं लागतं, नाहीतर नुसती रेती दोन दिवसांत वाळते. काडीनं आधी भोक पाडा, कटिंग दीड इंच खोल उभी करा, भोवती दाबा, एकदा पाणी द्या. नंतर वरचा थर कोरडा होईपर्यंत हात लावू नका. मुळांचं संप्रेरक लावलं तर चालतं, नाही लावलं तरी जिरेनियमला अडत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो: वरून प्लास्टिकची पिशवी घालू नका. गुलाब, जास्वंद, मोगरा यांना पिशवी मानवते, म्हणून सगळे इथेही घालतात. जिरेनियमच्या खोडात मुळातच पाणी भरपूर असतं. आत वाफ साचली की चौथ्या-पाचव्या दिवशी बुड काळं. उघड्यावर, सावलीत, जिथे वारा येतो पण पाऊस येत नाही अशी खिडकी चांगली.

ऑक्टोबरात तीन ते चार आठवड्यांत मुळं येतात, जुलैत कमी-जास्त. उपटून पाहू नका. शेंड्याला नवं पान उघडलं आणि हलकं ओढल्यावर अडलं, की मुळं आली.

बी मागवू नका. गुलाबाच्या वासाचं जे झाड सगळीकडे मिळतं ते संकरित आहे, त्याला बी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. ते फक्त कटिंगनं वाढतं. त्या नावानं पाकिटात जे येईल ते दुसरंच काहीतरी असेल, बहुधा फुलांसाठीचं साधं जिरेनियम.

बजाजनगर_बाग

मच्छरवाल्याबद्दल थोडंसं. हे झाड 'सिट्रोसा' नावानं जगभर विकलं जातं, पानाला सिट्रोनेलासारखा वास येतो. पण नुसतं झाड ठेवल्यानं डास जात नाहीत जी. १९९६ मध्ये कॅनडात एडिस डासांवर याची चाचणी झाली होती, झाडाजवळ बसलेल्या माणसांनाही तितकेच डास चावले. कारण साधं आहे. तेल पानावरच्या बारीक ग्रंथींत बंद असतं, पान चुरगाळल्याशिवाय ते पुरेसं बाहेर येत नाही.

झाड सुंदर आहे, वासासाठी नक्की ठेवा. फक्त डेंग्यूच्या दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नका. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणजे कुंडीखालची ताटली काढायला हे दुसरं कारण. कूलरची टाकीही पुसून कोरडी करून ठेवा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पानं चघळू देऊ नका, पोट बिघडतं.

मानेवाडा_गच्ची

मनापासून आभार. तिन्ही कुंड्या जिन्याच्या छताखाली घेतल्या. लिंबवालं बुडापासून तीन बोटं काळं आणि मऊ आहे. गुलाबवाल्याची निम्म्याहून थोडी जास्त मुळं पांढरी आहेत. मच्छरवाल्याच्या पानांमागे खरखरीत, बुचासारखे बारीक फोड आहेत आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मे महिन्यात कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी याच कुंड्यांना घालत होते. आणि परवा ट्रायकोडर्मा व कॉपर ऑक्सिक्लोराइड दोन्ही एकाच वेळी ओतलं. काही बिघडलं का?

बजाजनगर_बाग

पांढरा थर त्या कूलरच्या पाण्याचाच. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. आपण रोज वरून नवीन पाणी भरतो, त्यामुळे टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारं होत जातं. तेच कुंडीत गेलं की पानाच्या कडा करपतात, मुळांना पाणी ओढता येत नाही. असं पाणी झाडांना घालूच नका. माती बदलणार आहात तर थर आपोआप गेला. बदलायची नसेल तर कुंडीच्या आकाराच्या तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून निथळू द्या, पण आत्ता पावसाळ्यात हे करू नका, ऑक्टोबरात करा.

पानामागचे बुचासारखे फोड रोग नाहीत, कीडही नाही. मुळं पाणी जास्त ओढतात, ढगाळ दमट हवेत पान ते बाहेर टाकू शकत नाही, पेशी फुगून फुटतात आणि तिथे खपली धरते. फवारणी नको. पाणी कमी करा, हवा वाढवा. जुने फोड जाणार नाहीत, नवी पानं स्वच्छ येतील.

कॉपर बुरशी मारतं, ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी असली तरी बुरशीच आहे. एकत्र ओतल्यावर ट्रायकोडर्मा बहुधा वाया गेली, झाडाचं नुकसान नाही. आता गुलाबवाल्याला नव्या मातीत लावल्यावर मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण २ ग्रॅम लिटरला, एकदाच, मुळाशी द्या. ट्रायकोडर्मा पंधरा-वीस दिवसांनी. रासायनिक औषध दिलेल्या झाडाची पानं शरबतात किंवा केकमध्ये घालू नका.

मूळ_आणि_माती

बाकी वर्षाचं सांगून ठेवतो, कारण झाडाकडे पाहण्याची पद्धत बदलली तरच ते टिकेल. नागपुरात वासाचं जिरेनियम रब्बीच्या पिकासारखं धरा. ते जगतं ऑक्टोबर ते मार्च. उरलेले सहा महिने आपण त्याला फक्त सांभाळतो. मैदानी भागात तेलासाठी शेती करणाऱ्यांनाही हाच त्रास आहे. पावसाळ्यात मातृरोपं (कटिंगसाठी राखलेली झाडं) मरतात, म्हणून लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं ती वरून पॉलिथीन आणि बाजूनं मोकळ्या अशा आडोशाखाली जगवायची पद्धत बसवली, आणि लागवड थंडीत करायची. गच्चीवर आपण तेच लहान प्रमाणात करायचं.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस उघडला की छाटणी. प्रत्येक फांदीवर दोन-तीन हिरवी पेरं राखून वर कापा. पान नसलेल्या जून लाकडापर्यंत कापलं तर पुष्कळदा फुटतच नाही. याच वेळी माती बदला. ऑक्टोबरपासून पाच-सहा तास थेट ऊन द्या. सावलीत ते लांबट, फिकट वाढतं आणि वास निम्मा होतो. पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत एक ग्रॅम लिटरला, किंवा महिन्याला मूठभर गांडूळखत. दोन्ही नको. युरिया तर अजिबात नको, पानं मोठी आणि मऊ होतात, वास उतरतो आणि पांढरी माशी बसते. डिसेंबर-जानेवारीच्या ८-१० अंशांच्या रात्री झाकायची गरज नाही. उलट याच दिवसांत पानाचा वास सगळ्यांत भरलेला असतो. शेंडे खुडत राहा, झाड दाट होईल.

फेब्रुवारीच्या मध्यात प्रत्येक जातीच्या चार कटिंग लावून ठेवा. जून महिना मोठ्या झाडापेक्षा लहान कुंडीतलं तरुण झाड सोपं काढतं. मार्चअखेर खत बंद. मार्चच्या मध्यापासून ५० टक्क्यांची जाळी, एप्रिलअखेर ७५ टक्के, आणि सकाळचं नऊपर्यंतचं कोवळं ऊन मात्र मिळू द्या. पाणी सकाळी सातच्या आत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळी सातलाही गरम असतं, ते मुळाशी घालू नका. मे महिन्यात दुपारी पानं लोंबतील, सकाळी ताठ झाली तर हात लावू नका, ती उन्हाची झुकलेली आहेत, तहानेची नाहीत.

काळं प्लास्टिक सोडा. मातीची कुंडी घ्या आणि मे महिन्यात ती दोन इंच मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत रेती भरा. गारव्यासाठीचं पाणी त्या रेतीवर शिंपडा, आतल्या कुंडीत नाही. बाहेरून गारवा मिळतो आणि मुळं बुडत नाहीत. मृगाचा पहिला पाऊस आला की बाहेरची कुंडी काढून टाका.

एप्रिल-मेमध्ये पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे जाळं दिसलं तर लाल कोळी. पहाटे पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवसांच्या अंतरानं तीनदा. गंधक किंवा निंबोळी तेल त्या उन्हात मारलं तर पानं भाजतील.

पुदिन्याच्या वासाचं, मखमली पानांचं टोमेंटोसम घ्यायचा मोह झाला तर आत्ता घेऊ नका. ते केपच्या ओलसर डोंगरकडांचं झाड, नागपूरच्या मे महिन्यात सगळ्यांत आधी तेच जातं. गुलाबवालं सगळ्यांत सोशिक, त्यावर हात बसू द्या.

फुटवा

लिंबवाल्याची कटिंग घेताना एक काळजी. काळ्या भागाच्या दोन इंच वर पहिला काप घ्या आणि खोडाचा गोल छेद पाहा. आत स्वच्छ हिरवट-पांढरा दिसला तर तिथून वरचं घ्या. तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर आणखी एक पेर वर जा. प्रत्येक कापानंतर ब्लेड स्पिरिटनं पुसा, नाहीतर तोच रोग तुम्ही वर नेता. तुमचं हेच ब्लेड गुलाबवाल्याला लागणार असेल तर आधी गुलाबवालं छाटून घ्या, लिंबवालं शेवटी.

शेंड्यापर्यंत आत तपकिरीच निघालं तर त्याची कटिंग लावू नका. झाड आणि माती दोन्ही कचऱ्यात टाका, दुसऱ्या कुंडीत किंवा खताच्या ढिगात नको. कुंडी घासून, ब्लीचिंगच्या पाण्यात अर्धा तास बुडवून, उन्हात पूर्ण वाळवूनच परत वापरा. नवीन लिंबाचं रोप नोव्हेंबरात घ्या, आणि घेताना नर्सरीतच बुड नखानं खरवडून पाहा.